युरोचा पगार, युरोचाच खर्च

युरोपातून नोकरीचे पत्र आले, की मराठी घरात सर्वप्रथम होतो तो गुणाकार. जानेवारी २००२ मध्ये युरोच्या नोटा आणि नाणी प्रत्यक्ष व्यवहारात आली, तेव्हा एक युरो पंचेचाळीस रुपयांच्याही आत मिळत असे. २०२५ मध्ये त्याने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला आणि हा गुणाकार शाळकरी मुलालाही तोंडी करता येण्याइतका सोपा झाला. वर्षाला साठ हजार युरो म्हणजे साठ लाख रुपये! पुण्यात वीस-बावीस लाखांवर काम करणाऱ्या अभियंत्याला हा आकडा जवळजवळ तिप्पट वाटतो. नातेवाइकांना फोन जातात, पेढे आणले जातात, आणि कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या घराचे उरलेले कर्ज दोन वर्षांत फेडून टाकण्याचे बेतही त्याच संध्याकाळी आखले जातात.

या हिशेबात एकच बाब सुटलेली असते. पगार जसा युरोत मिळणार, तसा घरभाड्यापासून केस कापण्यापर्यंतचा प्रत्येक खर्चही युरोतच व्हायचा असतो. शंभराने गुणायचेच असेल, तर महिनाअखेरीस जे उरेल आणि भारतात पाठवले जाईल, तेवढ्यालाच गुणणे रास्त. तेव्हा खरा प्रश्न पगाराचा नसून शिलकीचा आहे, आणि ती शिल्लक शहरागणिक, देशागणिक आणि विशेषतः कुटुंबागणिक इतकी बदलते, की एकच पगार एकाला समृद्धी आणि दुसऱ्याला ओढाताण देऊन जातो.

उदाहरणादाखल जर्मनीचा विचार करणे सोयीचे ठरेल. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या अभियंत्यांची आणि विद्यार्थ्यांची संख्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत सतत वाढत गेली आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांमुळे पुणेकरांचा तर त्या देशाशी जुनाच परिचय आहे.

हातात किती येते?

जर्मनीत नेमणुकीच्या पत्रावर लिहिलेला आकडा हा कपातीपूर्वीचा असतो. भारतातील मंडळी प्राप्तिकराची तयारी ठेवून असतात. परंतु तेथील मोठी कपात बहुधा कराची नसते, ती सामाजिक विम्याची असते. २०२५ च्या दरांनुसार कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेरोजगारी विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्य विम्यासाठी साधारण साडेआठ टक्के आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्यासाठी दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम वळती होत होती. मालकही जवळपास तितकीच रक्कम आपल्या बाजूने भरतो. म्हणजे कर भरण्यापूर्वीच पगाराचा पाचवा हिस्सा बाजूला निघतो.

त्यानंतर येतो प्राप्तिकर, आणि येथे जर्मन कायदा कुटुंबाकडे पाहतो. अविवाहित व्यक्तीला साठ हजार युरोंवर दरमहा सुमारे ३,१०० युरो हातात पडतात. तोच पगार असलेल्या, पत्नी मिळवती नसलेल्या विवाहित गृहस्थाला सुमारे ३,५०० युरो मिळतात. कारण पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र करून ते दोघांत निम्मे-निम्मे वाटल्याप्रमाणे कर आकारला जातो. शिवाय प्रत्येक मुलामागे सरकारकडून दरमहा बालभत्ता मिळतो. २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. उत्पन्न किती आहे, याचा त्याच्याशी संबंध नसतो आणि तेथे रीतसर राहणाऱ्या परदेशी नोकरदारालाही तो लागू होतो.

आरोग्य विम्याची कपात पाहून अनेक जण अस्वस्थ होतात. साठ हजारांवर वर्षाला पाच हजार युरोंहून अधिक रक्कम, आणि तीही डॉक्टरांचे तोंड न पाहता! परंतु सार्वजनिक विमा योजनेत त्याच हप्त्यात मिळवती नसलेली पत्नी आणि सर्व मुले सामावलेली असतात. बाळंतपण असो वा शस्त्रक्रिया, रुग्णालयात दिवसाला दहा युरो आणि औषधांमागे पाच ते दहा युरो एवढ्या किरकोळ रकमांपलीकडे सहसा खिशात हात घालावा लागत नाही. भारतात हीच व्यवस्था खासगी रुग्णालयाच्या दरात मांडून पाहिली, तर हप्त्याचे ओझे पुष्कळसे हलके वाटू लागते. एकट्या, निरोगी, पंचविशीतल्या तरुणाला मात्र तो महागच पडतो. त्याच्या हप्त्यावर दुसऱ्याचे कुटुंब पोसले जाते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

थंड भाडे, गरम भाडे

युरोपातील शिलकीचा निकाल लागतो तो घरभाड्यात. जर्मनीत भाड्याचे दोन आकडे सांगितले जातात. नुसत्या जागेचे ते ‘थंड भाडे’. त्यात उष्णता, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, इमारतीचा विमा इत्यादींची आगाऊ रक्कम मिळवली, की ‘गरम भाडे’. जाहिरातीत ठळक दिसतो तो बहुधा पहिला आकडा. विजेचे बिल या दोहोंतही धरलेले नसते. तिचा करार भाडेकरूने स्वतंत्र करायचा असतो आणि युनिटमागे पस्तीस ते चाळीस सेंट मोजायचे असतात.

उष्णतेची रक्कम ‘आगाऊ’ असते हे नवागतांच्या ध्यानात उशिरा येते. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि फरक भरावा लागतो अथवा परत मिळतो. हा हिशेब देण्यास घरमालकाला कायद्याने बारा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून हीटर चालवल्याची शिक्षा पुढच्या वर्षाअखेर हाती पडू शकते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅसचे दर भडकले, तेव्हा अशा फरकाच्या बिलांनी अनेक घरांचे वर्षभराचे गणित विसकटले.

अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, असे कायदा सांगतो. बंगळुरूत दहा महिन्यांची अनामत मोजलेल्या माणसाला ही सवलतच वाटेल. दलालीचा नियमही भाडेकरूच्या बाजूचा आहे: २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. पण दुसरीकडे घर ‘रिकामे’ म्हणजे खरोखरीच रिकामे असते. दिवे नाहीत, कपाटे नाहीत आणि अनेकदा स्वयंपाकघरातील ओटा, शेगडी, सिंकदेखील नाही! आधीचा भाडेकरू ते सोडून जाणार असेल, तर तो त्याची किंमत मागतो. हा खर्च दीड-दोन हजार युरोंपासून पुढे कितीही होऊ शकतो.

सर्वांत मोठी तफावत शहराशहरांतील. म्युनिकमध्ये नव्याने घर शोधणाऱ्याला चौरस मीटरमागे वीस युरो किंवा त्याहून अधिक थंड भाडे सांगितले जाते. लाइपझिगमध्ये ते त्याच्या जवळपास निम्मे असते. पंच्याहत्तर चौरस मीटरचे, म्हणजे आपल्याकडील आठशे चौरस फुटांचे घर म्युनिकमध्ये गरम भाड्यासह अठराशे युरोंच्या घरात जाते. लाइपझिगमध्ये हजाराच्या आत-बाहेर मिळते. जुने भाडेकरू मात्र दोन्हीकडे स्वस्तात राहत असतात, कारण चालू करारातील भाडेवाढीवर कायद्याचे बंधन आहे. म्हणूनच दहा वर्षांपूर्वी म्युनिकला स्थायिक झालेल्या मित्राने सांगितलेले भाडे नवागताच्या काहीच उपयोगाचे नसते.

वस्तू स्वस्त, हात महाग

भाजी-किराण्याच्या बाबतीत युरोप अपेक्षेहून स्वस्त निघतो, आणि हा धक्का बहुतेकांना सुखद असतो. दूध लिटरला एक युरोच्या आगेमागे, म्हणजे पुण्यातील दुधाच्या दीडपट. बटाटे, कांदे, गाजर, कोबी, सफरचंदे, दही, चीज, पास्ता यांचे दर जर्मन पगाराच्या मानाने नगण्य वाटावेत असे. याचे श्रेय बऱ्याच अंशी ‘आल्डी’ आणि ‘लिडल’ यांसारख्या दुकानांना जाते. एसेन शहरातील आल्ब्रेख्त बंधूंनी वाढवलेल्या ‘आल्डी’ने ठरवून साधेपणा पत्करला: मोजक्याच जिनसा, बहुतेक स्वतःच्याच नावाच्या, खोक्यांतच मांडलेल्या; नोकर थोडे; पिशवी भरायचे काम गिऱ्हाइकाचे. दुकानाचा खर्च वाचला, की भावही उतरतो. श्रीमंत जर्मनही तेथे निःसंकोच रांगेत उभा असतो.

मराठी स्वयंपाकघराचे काही लाड मात्र महाग पडतात. पोळीची कणीक, तूरडाळ, हिंग, गोडा मसाला यांसाठी भारतीय दुकान गाठावे लागते आणि डाळ भारतातल्या दुपटी-तिपटीने पडते. भेंडी, वांगी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर यांसाठी तुर्की दुकानदार हा खरा आधार. आंबा पेटीवर सांगायचा तो भाव येथे एकेका फळाला विचारावा लागतो, म्हणून कोकणच्या माणसाने तो विषय मनातून काढलेलाच बरा.

जेथे वस्तूऐवजी माणसाचा हात लागतो, तेथे सारे चित्र उलटते. म्युनिकमध्ये पुरुषाचे केस कापण्यास पंचवीस-तीस युरो सहज पडतात. नळ दुरुस्त करणारा कारागीर तासाचे पैसे तर घेतोच, शिवाय दारापर्यंत येण्याचे वेगळे घेतो. जर्मन घरांचे दार ओढले की बाहेरून आपोआप बंद होते. किल्ली आत राहिली आणि वार रविवार असला, तर कुलूपवाल्याला शेकडो युरो मोजल्याच्या कथा प्रत्येक भारतीय मंडळात ऐकायला मिळतात. भारतीय उपाहारगृहातील मसाला डोसा बारा-पंधरा युरोंचा असतो. त्यातील तांदूळ-उडीद काही सेंटांचे, बाकीचे पैसे भाड्याचे आणि मजुरीचे.

यामागचे कारण बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. मोटारीसारख्या वस्तूंच्या किमती जगभर साधारण एका पातळीवर राहतात, कारण त्या एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतात. केशकर्तन मात्र नेता येत नाही. म्युनिकचा न्हावी पुण्याच्या न्हाव्याहून अधिक वेगाने केस कापत नाही. पण त्याच शहरातील मोटार कारखाना कामगाराला भरघोस वेतन देऊ शकतो, आणि न्हाव्यालाही त्याच्या आसपास मिळाले नाही, तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. त्यातच कायद्याने ठरवलेले किमान वेतन: जर्मनीत ते २०१५ मध्ये ताशी साडेआठ युरोंनी सुरू झाले आणि जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो झाले आहे. तासाला तेराशे नव्वद रुपये हा तेथील तळाचा दर आहे, हे एकदा लक्षात घेतले, की धुणीभांडी, स्वयंपाक, इस्त्री, वाहनचालक ही पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गाची सोय तेथे का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. ती कामे घरातल्याच दोघांना करावी लागतात. शनिवारचा निम्मा दिवस त्यात जातो आणि तो कोणत्याही खर्चपत्रकात दिसत नाही.

देशादेशांतील किमतींचा हा फरक वजा करण्यासाठी क्रयशक्तीची तुलना केली जाते. त्या मोजणीने अमेरिकेत एका डॉलरला जेवढे सामान येते, तेवढे भारतात वीस-पंचवीस रुपयांत मिळते. जर्मनीसाठी हेच गणित मांडले, तर एक युरो तीस रुपयांच्या आगेमागे भरतो. म्हणजे साठ लाखांचे अठरा लाख! हा आकडा वाचून लगेच पत्र फाडण्याचेही कारण नाही. ही मोजणी साऱ्या देशाच्या सरासरी खरेदीवर बेतलेली असते, आणि पुण्यातील अभियंता सरासरी भारतीयासारखा जगत नाही. तो मुलाच्या शाळेसाठी वर्षाला लाख-दोन लाख भरतो, बसची खात्री नसल्याने मोटार बाळगतो, पाण्यासाठी टँकर मागवतो, आईवडिलांच्या विम्याचा हप्ता देतो. जर्मनीत सरकारी शाळा विनाशुल्क असते आणि तीच सर्वांची शाळा असते. देशभरातील शहरी बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे यांसाठी एकच मासिक पास मिळतो. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. मोटारीवाचून अडत नाही, ही युरोपातील सर्वांत मोठी बचत आहे आणि नवागत नेमका तिलाच विसरतात.

घरचा ताळेबंद

आता आकडे एकत्र मांडून पाहता येतील. पती, पत्नी आणि शाळेत जाणारे एक मूल, वार्षिक पगार साठ हजार युरो, मिळवते एकच. २०२५ च्या दरांनी हातात आलेला पगार आणि बालभत्ता मिळून दरमहा सुमारे ३,७८० युरो. म्युनिकमध्ये गरम भाडे १,८००. वीज, इंटरनेट, दोन मोबाइल आणि दर घरामागे सक्तीचे असलेले १८.३६ युरोंचे रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्क मिळून १७०. (घरात दूरचित्रवाणी संच नसला, तरी हे शुल्क चुकत नाही.) किराणा आणि भाजी ६००. दोघांचे प्रवासाचे पास ११६. शाळेतील दुपारचे जेवण आणि शाळेनंतरची देखभाल १२०. दुसऱ्याच्या मालमत्तेचे आपल्या हातून नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा आणि तत्सम किरकोळ २०. कपडे, हिवाळी बूट, घरगुती वस्तू २००. बाहेरचे जेवण आणि सहली २००. वर्षातून एकदा तिघांची भारतवारी धरली, तर तिकिटांचे महिन्याकाठी आणखी २००. बेरीज होते सुमारे ३,४३०. उरतात साडेतीनशे युरो, म्हणजे पस्तीस हजार रुपये. कोथरूडच्या कर्जाचा हप्ताच त्याहून मोठा असण्याचा संभव आहे.

हे आकडे ढोबळ आहेत. कोणी काटकसरीने दोनशे वाचवील, कोणाचे शंभर जास्त जातील. पण हाच संसार लाइपझिगला हलवला, तर केवळ भाड्यात आठशे युरोंहून अधिक वाचतात आणि शिल्लक अकराशेच्या पुढे जाते. पूर्व जर्मनीत पगार कमी मिळतात, हे खरे. तो साठऐवजी बावन्न हजारच मिळाला असे धरले, तरी दरमहा हातातले चारशेच्या आसपास युरो घटतात आणि शिल्लक म्युनिकच्या दुप्पट राहते. मोठ्या आकड्याच्या आणि प्रसिद्ध शहराच्या मोहात कमी शिलकीची नोकरी पत्करली जाते, ती अशी. अविवाहित तरुणाचे मात्र म्युनिकमध्येही चालते: लहानशा घराचे अकराशे-बाराशे गेले, तरी साधेपणाने राहून हजाराच्या आसपास युरो मागे टाकता येतात.

कुटुंबासाठी गणित खऱ्या अर्थाने पालटते ते दुसऱ्या पगाराने. जर्मनीत कुशल नोकरदाराच्या जोडीदाराला काम करण्याचा अधिकार व्हिसासोबतच मिळतो. अडचण असते भाषेची आणि लहान मुलांच्या पाळणाघरात जागा मिळण्याची. पाळणाघराचे शुल्क राज्यागणिक वेगळे. बर्लिनने ते ऑगस्ट २०१८ पासून रद्द केले असून जेवणाचे थोडे पैसे तेवढे द्यावे लागतात; इतरत्र ते महिन्याला काही शेकडा युरोही असू शकते. भारतात चांगल्या पगाराची नोकरी सोडून पतीबरोबर गेलेल्या स्त्रीची दोन-तीन वर्षे जर्मन शिकण्यात जातात, आणि तो बुडालेला पगार ‘साठ लाखां’च्या हिशेबात कोणीच मांडत नाही. खरे तर वजाबाकीतील पहिली रक्कम तीच असावयास हवी.

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून त्यांना शुल्क लावले आहे. परंतु व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बँकेतील गोठवलेल्या खात्यात आधीच दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो करण्यात आली. लाइपझिग, केमनिट्स, माग्डेबुर्ग अशा शहरांत तेवढ्यात नीट भागते. म्युनिकमध्ये खोलीच सहाशे-सातशेची असते.

तोच पगार, दुसरा देश

युरोपचा ‘खर्च’ असा एक नाहीच. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या तुलनेनुसार घरगुती खर्चाच्या किमती डेन्मार्कमध्ये संघाच्या सरासरीहून सुमारे चाळीस टक्के जास्त, तर बल्गेरिया आणि रुमानियात तेवढ्याच कमी असतात. संघाबाहेरचा स्वित्झर्लंड सरासरीच्या दीडपटीहूनही वर आहे. झुरिकचा अभियंता लाखभर फ्रँक मिळवतो आणि कर जर्मनीहून कमी भरतो; पण आरोग्य विमा पगारातून कापला न जाता प्रत्येक माणशी वेगळा घ्यावा लागतो. प्रौढाला त्याचे महिन्याला चारशे फ्रँकच्या आसपास पडतात, पत्नीचे वेगळे, मुलांचे वेगळे. आणि वर्षाला किमान तीनशे फ्रँकपर्यंतचा उपचार स्वतःच्याच खर्चाने. एकट्याला स्वित्झर्लंड लाभतो, एकट्याच्या पगारावरील चौघांना तो जर्मनीइतका लाभेलच असे नाही. स्विस लोक स्वतः शनिवारी किराण्यासाठी सरहद्दीवरच्या कॉन्स्टान्स या जर्मन गावी जातात. ही वर्दळ इतकी वाढली, की स्विस सरकारने जानेवारी २०२५ पासून करमुक्त खरेदीची माणशी मर्यादा तीनशे फ्रँकवरून दीडशेवर आणली.

नेदरलँड्समध्ये परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा तीस टक्के भाग, पगाराची ठरलेली पातळी ओलांडल्यास, पाच वर्षांपर्यंत करमुक्त देता येतो. २०२७ पासून हे प्रमाण सत्तावीस टक्क्यांवर येणार आहे. आइंडहोवनला जाणाऱ्या भारतीय अभियंत्यांना या सवलतीमुळे पहिली पाच वर्षे हात सैल वाटतो आणि त्याच ऐटीत घर घेतले जाते. सहाव्या वर्षी पगार न बदलता हातातली रक्कम घटते.

लिस्बन पर्यटकाला स्वस्त वाटते, कारण कॉफी अजूनही एक-दीड युरोत मिळते. पण तेथील पगारही तसेच: २०२५ मध्ये पोर्तुगालचे किमान वेतन महिना ८७० युरो होते, आणि शहरातील लहानशा घराचे भाडे त्याहून अधिक. पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेले कितीतरी गोवेकर लिस्बनला न राहता इंग्लंडमध्ये स्विंडनकडे का वळले, याचे एक कारण येथे सापडते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर, २०२० च्या अखेरीस ही वाट नव्या लोकांसाठी बंद झाली. भारतीय पारपत्रावर ब्रिटनला जाणाऱ्यांना तर व्हिसासोबतच आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. पती, पत्नी आणि दोन मुलांच्या पाच वर्षांच्या व्हिसाला १८,११० पौंड. ही रक्कम कंपनी देणार की कर्मचारी, हे नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी विचारण्यास संकोच वाटू नये.

पहिले सहा महिने

सर्वाधिक खर्च होतो तो अगदी प्रारंभी, पहिला पगार येण्याच्याही आधी. नव्या माणसाकडे जर्मनीतील पतइतिहास नसतो, तीन महिन्यांच्या पगारपत्रिका नसतात. म्हणून घरमालक त्याला मागे ठेवतो. तोवर सजवलेल्या तात्पुरत्या घरात राहावे लागते आणि त्याचे भाडे नेहमीच्या दीडपट-दुप्पट असते. तेथेही पत्त्याची नगरपालिकेत नोंद करू देणारा मालक हवा. नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि तो क्रमांक मालकाकडे पोहोचला नाही, तर पगारातून कमाल दराने कर कापला जातो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण गरज असते त्या महिन्यांत तो हातात नसतो. अनामत, स्वयंपाकघर, पलंग, गाद्या, हिवाळी कपडे हे सारे त्यातच. पाच-सहा हजार युरो, म्हणजे पाच-सहा लाख रुपये भारतातून बरोबर नेण्याची तयारी असलेली बरी. येथे गुणाकार उलट्या बाजूने लागू होतो आणि चांगलाच टोचतो. कंपनी स्थलांतराचा खर्च देत असेल, तर त्यात तात्पुरत्या घराचे भाडे किती महिन्यांचे धरले आहे, हे आधी पाहावे.

पगारातून जाणारे ९.३ टक्के निवृत्तिवेतनही बुडालेले समजण्याचे कारण नाही. जर्मनीत साठ महिने वर्गणी भरली, की निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो; भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून अमलात असल्याने दोन्ही देशांतील सेवेची वर्षे या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. भारतीय कंपनीने ठराविक मुदतीपुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्याला, भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र असल्यास, तेथील ही वर्गणी भरावीच लागत नाही. मायदेशी परतलेल्या माणसाला त्या खात्याची रक्कम साठी उलटल्यावर युरोत मिळू लागते आणि खर्च मात्र रुपयांत व्हायचा असतो. त्यासाठी परतताना जर्मन विमा क्रमांकाचे पत्र, पगारपत्रिका आणि वर्गणीचे वार्षिक दाखले सोबत आणावे लागतात. सामान आवरताना हीच कागदपत्रे रद्दीत जातात, असा अनेकांचा अनुभव आहे.